ओव्हनमधलं पाणी

१

ओव्हन साफ कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. वाडग्यात पाणी घ्यायचं, लिंबाच्या फोडी पिळून सालांसकट त्यात टाकायच्या, वाडगा आत ठेवून ओव्हन चालू करायचा, खळखळून उकळी आली तरी लगेच दार उघडायचं नाही. वाफ आत कोंडू द्यायची. भिंतींवर वाळून बसलेलं सगळं त्या वाफेनं मऊ पडतं, मग ओलं फडकं फिरवलं की झालं. फिरती काचेची ताटली आणि तिच्याखालची चाकांची रिंग काढून साबणानं धुवायची. आतल्या एका भिंतीवर पुठ्ठ्यासारखी चकती असते, तिच्यावर फडकं दाबायचं नाही. हे मी रोज करते. रोज! आणि तरी वन्सं आल्या की पर्स खाली ठेवायच्या आधी ओव्हनचं दार उघडून नाक आत घालतात.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ओव्हन त्यांचाच. त्यांनी नवा घेतला आणि हा जुना आमच्या घरी पाठवून दिला. देताना म्हणाल्या, "वापर, पण लेकरासारखा जप." तेव्हापासून ओव्हन आमचा आणि हुकूम त्यांचा. "तिला कुठं कळतं त्यातलं, सातवीपर्यंत तर शिकलीय," असं यांना सांगतात, तेही मी समोर भाकऱ्या थापत असताना, बहिरी असल्यासारखं.

माझी लेक, गोटी, तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. ओव्हन बुटक्या स्टँडवर, त्यामुळं बटणं बरोबर तिच्या हाताशी. रिकामा ओव्हन चालू झाला तर आतून जळतो असं दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं. म्हणून काम झालं की मी आत पाण्यानं भरलेला ग्लास ठेवून द्यायची. गोटीनं बटण दाबलंच तर पाणी तापेल, ओव्हन वाचेल, आणि मला वन्संची बोलणी बसणार नाहीत.

तो ग्लास कमी व्हायला लागला.

आधी बोटभर. मग अर्धा. सकाळी काठोकाठ भरून ठेवलेला ग्लास दुपारी उघडून बघावा तर तळाला घोटभर पाणी. ताटली कोरडी, भिंती कोरड्या. सांडलं म्हणावं तर कुठं सांडलं?

२

"आई, ओव्हनमधलं पाणी तुम्ही पिता का?" मी सरळच विचारलं.

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "का गं? नळ आटले का घरातले? पाणी प्यायला मी ओव्हनची कवाडं उघडू? उद्या म्हणशील, तुम्ही फ्रिजमध्ये झोपता का."

"मग कमी कसं होतं?"

"मला काय विचारतेस? ग्लासाला विचार."

खरं सांगते, माझा संशय त्यांच्यावरच होता, आणि तो नुसत्या पाण्याचा नव्हता. गोटीनं माझ्या हातनं प्यायचं बंद केलं होतं. जेवायची नीट. भात, बटाटा, अंडं, सगळं घास घास. पण पेला ओठांशी नेला की तोंड घट्ट मिटायची, मान फिरवायची. पाणी नाही, दूध नाही. माझं अंगावरचं दूध लवकर आटलं, त्याची बोलणी मी पोटभर खाल्ली होती. आता वरचं दूधही लेक माझ्या हातनं घेईना.

आणि तरी ती टवटवीत होती. ओठ ओले, गाल वर आलेले, दुपटी बदलून बदलून माझे हात दुखायचे. डॉक्टरीणबाईंकडे नेलं तर त्यांनी तिला उलटसुलट तपासलं आणि हसल्या. "बाळ छान आहे. भरपूर पाणी पोटात जातंय. वाळलायत तुम्ही."

म्हणजे कुणीतरी पाजत होतं. माझ्यामागं, चोरून. घरात माणसं किती? हे सकाळीच कामावर जातात. उरलं कोण?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूक लागली तर मला सांगा, तहान लागली तर मला सांगा. माझ्या लेकराला चोरून पाजायचं आणि वर जगाला सांगायचं की हिच्या हातनं पोर काही घेत नाही!

३

यांना सांगितलं तर यांनी टीव्हीवरची नजर न काढता निकाल दिला. "पाणी उडतं गं. वाफ होते."

"बंद ओव्हनमध्ये? थंड ओव्हनमध्ये?"

"मग तूच पीत असशील. कामाच्या नादात लक्षात राहत नसेल."

मी दुसऱ्या दिवशी ग्लासावर बशी झाकली. दुपारी बशी होती तशी झाकलेली. ग्लास रिकामा. मी बशी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. काचेला तडा असेल म्हणून ग्लास उन्हाला धरून पाहिला. तडा नव्हता. मग मनाला समजावलं, सासूबाईंनीच बशी उचलून परत ठेवली असणार. त्यात काय मोठी जादू आहे? माणूस चोर असला की हातही हलका होतो.

संध्याकाळी गोटीनं दुधाचा पेला ढकलून दिला. माशी बसू नये म्हणून मी तो ओव्हनमध्ये ठेवला आणि गोटीला घेऊन गॅलरीत गेले. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. एकदम तिनं सुस्कारा सोडला, पोट भरल्यावर सोडतात तसा, आणि तिला ढेकर आली. दुधाचा वास आला.

मी आत येऊन पाहिलं. पेल्याच्या काठाला थोडा फेस होता, बाकी काही नाही. सासूबाई बाहेरच्या खोलीत शेजारणीशी बोलत बसल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "अहो, तुमच्या सासूबाई तासभर झाला, जागच्या हलल्या नाहीत. गप्पांत काय रंगल्यात!"

मला ते ऐकायचंच नव्हतं.

त्याच दिवशी वन्संचा फोन आला. डॉक्टरीणबाईंकडे नेल्याचं यांनी त्यांना सांगितलं होतं. "रविवारी येते आणि गोटीला थोडे दिवस माझ्याकडे नेते," वन्सं म्हणाल्या. "तुला जमत नाही तर कशाला हट्ट? राहील की आत्याकडे. रुळली तर रुळली."

रुळली तर रुळली! जशी काही ती कुंडी आहे, या खिडकीतनं उचलली आणि त्या खिडकीत ठेवली. मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे." जुना ओव्हनही थोडे दिवस वापरून बघा म्हणूनच आला होता. या घरात आलेलं परत जात नाही, गेलेलं परत येत नाही, एवढं मला कळतं.

४

मी चोर पकडायचं ठरवलं. आणि पकडायचं तर असं, की पुन्हा हिंमत होऊ नये.

ग्लासात मूठभर मीठ घातलं, ढवळून विरघळवलं, आणि ओव्हनमध्ये ठेवून दार लावलं. प्या आता! तोंड वाकडं करून याल तेव्हा विचारते, नळ आटले का म्हणून. प्लग मी काढून ठेवला, आणि स्टुलावर ओव्हनसमोर पालेभाजी निवडत बसले. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. गोटी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या चिमट्यांशी खेळत होती. चिमटे डब्यात टाकल्याचा आवाज यायचा, टक, टक. मग डबा उपडा केल्याचा.

भाजी निवडून होत आली. कुणी आलं नाही. दार कुणी उघडलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.

चिमट्यांचा आवाज थांबला.

मग गोटी जी किंचाळली! मी धावत गेले. ती जमिनीवर बसून जीभ बाहेर काढून रडत होती, थुंकत होती, दोन्ही हातांनी तोंड पुसत होती. मी तोंडात बोट घालून पाहिलं, चिमटा गिळला की काय. काही नव्हतं. हनुवटीवरनं पाणी ओघळत होतं. मी बोट चाटलं.

समुद्राचं पाणीही इतकं खारट नसेल.

आसवांची चव असेल, असं मी स्वतःला म्हणाले. आसवं खारट असतात की. ती रडत होती, आसवं तोंडात गेली असतील. हे मी मनात म्हणत म्हणत स्वयंपाकघरात गेले, ओव्हनचं दार उघडलं. ग्लास अर्धा झाला होता.

घोरणं अजून चालू होतं.

५

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मीही घाबरले, नाही असं नाही. पण भीती जेमतेम भाजी चिरून होईपर्यंत टिकली. मग राग आला. असा राग मला सासूबाईंचाही कधी आला नव्हता. मीठ मी घातलं, माझ्या लेकराची जीभ माझ्या हातनं पोळली. पण ते तिच्यापर्यंत नेलं कुणी?

सकाळी हे कामावर गेले. सासूबाई अंघोळीला गेल्या. मी ग्लास स्वच्छ घासला, गार पाणी भरलं, आत ठेवला. प्लग काढलेलाच होता. गोटीला उचलून आणलं आणि ओव्हनसमोर उभं केलं.

तिला सांगावं लागलं नाही. दोन्ही तळवे तिनं दाराच्या काचेवर टेकवले. मी तिच्यामागं उकिडवी बसले आणि तिच्या डोक्यावरनं आत पाहिलं. त्या दारात बारीक भोकांची काळी जाळी असते. जाळीतनं एकटक पाहिलं की नजर हलते, भोकं एकमेकांत मिसळतात, हे मला माहीत आहे. ते मी धरून चालते. तरी जे दिसलं ते सांगते.

गोटीनं तोंड उघडलं. तिच्या गळ्याची घाटी खाली गेली, वर आली. आतल्या ग्लासातलं पाणी एका घोटानं कमी झालं. पुन्हा घाटी. पुन्हा एक घोट. आणि पाण्याची वरची रेघ आडवी नव्हती. तिरकी होती. ग्लास ताटलीवर सरळ उभा होता आणि पाणी मात्र कलतं झालं होतं, कुणीतरी पेला हळूच, ठसका लागू नये अशा बेतानं तिरका धरावा तसं.

मलाही इतक्या बेतानं धरता येत नाही. मी घाई करते. माझ्यामागं कामं असतात.

पिता पिता गोटीचा उजवा हात काचेवर हलकेच आपटायला लागला. थप, थप. अंगावर पिताना ती माझ्या छातीवर असाच हात आपटायची.

"कोण आहेस गं तू?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "कुणाच्या परवानगीनं?"

पाणी सरळ झालं. गोटीनं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि तोंडातनं दूध मधेच काढून घेतल्यावर रडतात तशी रडायला लागली.

६

रविवार उजाडला. वन्सं येताना गोटीसाठी नवी बॅग घेऊन आल्या, चाकांची, ससे छापलेली. मी कपड्यांची बादली उचलून गच्चीवर गेले. वन्संसमोर उभी राहिले असते तर तोंडातनं नको ते गेलं असतं.

दोरीवर चादरी टाकताना मी ठरवत होते. गोटी त्यांच्याकडं गेली तर प्यायची नाही. आणि मी जर खरं सांगितलं तर मला वेड्यांच्या दवाखान्यात घालतील, मग गोटी कायमचीच त्यांची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माझा हात पिळलेल्या चादरीला पुन्हा पुन्हा पीळ घालत होता.

जिना उतरतानाच हसणं ऐकू आलं. दारातनं पाहिलं तर गोटी यांच्या मांडीवर, आणि सासूबाई, हे, सगळे तिच्याकडं बघून हसतायत. गोटी डोळे बारीक करून, नाक मुरडून, ओठ चोखत होती.

"बघ बघ, कसं तोंड करतेय!" हे म्हणाले. "लिंबू चाटल्यासारखं!"

"तुम्ही दिलं काही तिला?"

"कुठं काय? उगीच नखरे."

तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरातनं, एकसुरी, घूं घूं. ओव्हन चालू होता.

मी कशी धावले, मला आठवत नाही. वन्सं कमरेवर हात ठेवून ओव्हनसमोर उभ्या होत्या. "प्लग काढून ठेवलाय, आत ग्लास काय ठेवलाय! वापरतच नाहीस ना? वास मारतोय. म्हटलं, आपणच लिंबूपाण्यानं..."

आतल्या दिव्यात वाडगा फिरत होता. पाण्यात लिंबाची सालं. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले होते. बाहेरच्या खोलीत गोटी कण्हली.

मी प्लग असा ओढला की बोर्डाचं झाकण भिंतीतनं बाहेर आलं. वाडगा हातानंच बाहेर काढला. पाणी उकळलं नव्हतं. हाताला चटका बसला, पण उकळलं नव्हतं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं!" वन्सं ओरडल्या. "मेले असते मी शॉक बसून! अरे, तू बघतोयस ना हिचं? ही बाई पोर सांभाळणार?"

मी गोटीकडं गेले. तिचे ओठ लालभडक झाले होते, गरम चहा घाईनं प्यायल्यासारखे. फोड नव्हता. ती रडतही नव्हती. माझ्याकडं बघत होती, मी काय केलं म्हणून.

"बॅग भरा तिची," वन्सं म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

हे उठले. उठले! आणि गोटीची झबली शोधायला लागले.

७

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "पोर कुणाची, हे भांडून ठरत नाही. हिच्या हातनं ती आपल्या डोळ्यांदेखत पाणी प्यायली तर राहील. नाही प्यायली तर घेऊन जा. मग मीही आड येणार नाही."

"पिणारच नाही ती," वन्सं म्हणाल्या. "बघाच."

मी पेला आणायला आत गेले. नळ सोडला. पेला भरला. मग दुसरा ग्लास भरला, गार. मी आजवर कुणापुढं काकुळतीला आले नाही. आईबापांपुढं नाही, नवऱ्यापुढं नाही. आणि आता या खोक्यासमोर मला गुडघे टेकावे लागले. ग्लास आत ठेवला आणि दातओठ खाऊन म्हणाले, "आजच्या दिवस. मी पेला तोंडाला लावते तेव्हा पाज. लेक हातची गेली तर दोघींचीही जाईल."

दार लावलं. प्लग खाली लोंबत होता.

बाहेर येऊन मी गोटीला मांडीवर घेतलं. पेला ओठांशी नेला. तिनं ओठ मिटलेले. वन्संनी सुस्कारा सोडला, सुखाचाच. मी पेला तसाच धरून राहिले. घाई केली नाही.

गोटीचे ओठ उघडले. पेल्याच्या काठाला लागले. घाटी खाली गेली, वर आली. घुटुक. घुटुक. खोलीत दुसरा आवाज नव्हता. तिनं उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि थोपटायला लागली.

"प्यायली की!" हे म्हणाले. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वन्संनी बॅगेची चेन ओढली, रिकाम्या बॅगेची. "बरं," म्हणाल्या. "राहू दे मग. मला काय, मी भल्यासाठीच म्हणत होते."

मी पेला खाली घेतला. तो काठोकाठ भरलेला होता. एक थेंब कमी नव्हता.

मी ओढणी आड घेतली, पण सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पेल्यात पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग उठल्या, पेला माझ्या हातनं काढून घेतला आणि मोरीत ओतून टाकला. परत येताना हळू आवाजात म्हणाल्या, "मला काही विचारू नकोस. माझ्या डोळ्यांना कमी दिसतं."

वन्संना सोडायला हे खाली गेले. मी गोटीला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात शिरले. आभार मानायला नव्हे. सुनवायला. दार उघडलं, रिकामा ग्लास बाहेर काढला, धुतला, पुन्हा भरला, आत ठेवला आणि दार आपटून लावलं.

"हे बघ," मी म्हटलं. "पाज. पाणी मी भरीन, कमी पडू देणार नाही. पण ती माझी आहे. खायला मी घालीन, न्हायला मी घालीन. झोपवीन मी. तुझं काम तहानेपुरतं. त्यापुढं पाऊल टाकलंस तर तुला जिन्यावरनं खाली फेकून देईन, मग मी आणि ती दोघी तहानेनं मेलो तरी चालेल."

गोटीला पेंग आली होती. मी तिला थोपटायला लागले. थप, थप. तिचं डोकं माझ्या मानेत रुतलं, श्वास जड झाला. निजत होती. माझ्या हातानं निजत होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या अंगातला राग उतरायला लागला.

मी हात थांबवला. थोपटणं थांबलं नाही.